उचलणे आणि धरून ठेवणे : माहूरच्या घरगुती शेडपर्यंत पोहोचलेल्या कार लिफ्टचा इतिहास

घराशेजारच्या शेडमध्ये मोटार उचलणारी लिफ्ट बसवावयाची आहे. दोन खांबांची घ्यावी की चार खांबांची, किती टनांची, आणि मुळात लिफ्ट घ्यावी की खड्डाच खणावा? माहूरच्या एका वाचकाने विचारलेला हा प्रश्न वरवर पाहता बाजाराचा आहे, इतिहासाचा नव्हे. तथापि या यंत्राचा इतिहास ठाऊक नसलेला ग्राहक विक्रेत्याला हमखास चुकीचा प्रश्न विचारतो. तो विचारतो, ‘ही किती वजन उचलते?’ गेल्या सव्वादोनशे वर्षांत अभियंत्यांना ज्याने खरोखर छळले तो प्रश्न निराळा होता : उचललेले वजन खाली कशामुळे येत नाही? आजचा धागा या दुसऱ्या प्रश्नाचा आहे. थोडा लांबेल.

माहूरला लिफ्ट हा शब्द उच्चारला की बोलणे गडाकडेच वळते. रेणुकेच्या पायऱ्या ज्यांना चढवत नाहीत अशा वृद्धांसाठी गडावर लिफ्ट व्हावी, ही चर्चा तेथे कित्येक वर्षे चालत आली. येथे विषय त्या लिफ्टचा नाही. पण माणसे वाहणारी लिफ्ट आणि मोटार उचलणारी लिफ्ट ही एकाच घराण्यातली भावंडे आहेत, हे पुढे दिसेलच.

आरंभ यंत्रापूर्वीच्या काळापासून करू. माहूर-किनवटचा मुलूख सागवानाचा. जड ओंडका गाडीवर चढवताना पहारीची तरफ करून एक टोक उचलायचे, लगेच त्याखाली दगड किंवा लाकडाचा ठोकळा सारायचा, मग दुसऱ्या टोकाकडे जायचे. बैलगाडीच्या आखाला वंगण घालताना चाक काढावे लागे; तेव्हाही गाडीची बाजू उचलून खाली भक्कम टेकू दिला की मगच हात आत जाई. या रीतीत एक अलिखित नियम होता. उचलणारे साधन वेगळे, धरून ठेवणारे साधन वेगळे. पहार उचलते, ठोकळा धरतो. पहारीच्या भरवशावर कोणी शहाणा माणूस खाली हात घालत नसे. मोटारीबरोबर जॅक आला आणि हा भेद पुसट झाला. कारण जॅक उचलतोही आणि, निदान दिसायला, धरूनही ठेवतो. गॅरेजमधल्या कितीतरी अपघातांचे मूळ मला या ‘दिसायला’मध्ये आढळते.

त्यातही जुना पेचाचा जॅक प्रामाणिक होता. पेचाच्या आट्यांचा उतार इतका कमी ठेवलेला असतो की वरचे वजन कितीही दाबले तरी घर्षणामुळे पेच आपोआप उलटा फिरत नाही. दांडा फिरवणाऱ्याचा हात थांबला की वजन तेथेच थांबते. तेलाच्या जॅकला हा गुण जन्मतः नाही. त्याच्यातले वजन तेलाच्या स्तंभावर उभे असते, तेल एका झडपेमागे अडवलेले असते, आणि ती झडप किंवा दट्ट्याभोवतीचे सील म्हणजे अखेर रबराची एक कडी. कडी झिजली की तेल पाझरते, आणि तेल पाझरले की वजन उतरते. कधी रात्रभरात बोटभर, कधी एका क्षणात सगळे.

या तेलाच्या शक्तीचा शोध फ्रान्समध्ये लागला. ब्लेझ पास्कल १६६२ साली वारला आणि द्रवांच्या समतोलावरचा त्याचा निबंध पुढल्या वर्षी प्रसिद्ध झाला. बंदिस्त द्रवावर एका ठिकाणी दिलेला दाब सर्व दिशांना सारखाच पोहोचतो, हे त्यातले सूत्र शाळेत आपण सर्वांनी पाठ केले आहे. अरुंद नळीतल्या दट्ट्यावर थोडे बल द्या, रुंद नळीतला दट्ट्या अनेकपट वजन उचलेल. सूत्र इतके सोपे, मग त्याचे यंत्र व्हायला शतकाहून अधिक काळ का लागावा? उत्तर पुन्हा त्या कडीपाशीच येते. दाब वाढला की द्रव दट्ट्याच्या कडेने निसटतो. फट घट्ट करावी तर दट्ट्या अडकतो, सैल ठेवावी तर पाणी उडते. लंडनच्या जोसेफ ब्रामाने १७९५ साली हायड्रॉलिक प्रेसचे पेटंट घेतले तेव्हा त्याच्यापुढचा अवघड भाग हाच होता. त्याच्या कारखान्यातला कुशल कारागीर हेन्री मॉड्स्ले याने चामड्याची वाटीच्या आकाराची कडी सुचवली, असे श्रेय त्याला दिले जाते. युक्ती अशी की आतला दाब जितका वाढेल तितकी वाटीची कड बाहेर ढकलली जाऊन भिंतीला अधिकच घट्ट बिलगते. गळती करवणारा दाबच गळती रोखू लागला. आजच्या लिफ्टमधली सीले कृत्रिम रबराची असतात, पण तत्त्व त्या चामड्याच्या वाटीचेच.

पास्कलचे सूत्र प्रत्यक्ष पाहायचे असेल तर दूर जाण्याचे कारण नाही. नांदेड असो, किनवट असो की माहूर, रस्त्याकडेच्या वॉशिंग सेंटरवर जमिनीतून वर येणारा जाडजूड गुळगुळीत खांब आणि त्यावर उचललेली जीप हे दृश्य आपल्या परिचयाचे आहे. समजा, त्या खांबाचा व्यास २७ सेंटिमीटर आहे. म्हणजे त्याचे क्षेत्रफळ सुमारे ५७० चौरस सेंटिमीटर. जीप आणि वरचा सांगाडा मिळून वजन २,५०० किलो धरा. भागाकार केला तर दर चौरस सेंटिमीटरला साडेचार किलोहूनही कमी दाब पुरतो. मोटारीच्या टायरमध्ये आपण ३२ पौंड हवा भरतो, ती याच मापात सव्वादोन किलोच्या आसपास येते. म्हणजे टायरमधल्या हवेच्या जेमतेम दुप्पट दाबाने अडीच टन वर जातात! म्हणूनच तेथे वेगळा पंप लागत नाही. पाण्याचा फवारा आणि हवा भरण्यासाठी ठेवलेला कॉम्प्रेसरच टाकीतले तेल दाबतो आणि तेल खांबाला वर ढकलते.

हा एकखांबी अवतार अमेरिकेचा. टेनेसी राज्यातल्या मेम्फिस शहरातल्या पीटर लुनाटी याने १९२५च्या सुमारास मोटारीसाठी अशी लिफ्ट तयार केली. न्हाव्याच्या दुकानातली तेलावर वरखाली होणारी खुर्ची पाहून त्याला ही कल्पना सुचली, असे सांगतात. कथा खरी असो वा रचलेली, तुलना बिनचूक आहे : जमिनीत एक दंडगोल, त्यात दट्ट्या, दट्ट्यावर आसन, आणि आसन स्वतःभोवती फिरवता येते. या फिरण्यावरूनच त्याच्या उद्योगाला रोटरी हे नाव पडले आणि ते आजही चालू आहे. तोपर्यंत मोटारीखालचे काम एकतर खड्ड्यात उतरून होई, किंवा उतरंडीच्या लाकडी चौथऱ्यावर गाडी चढवून, किंवा सरळ पाठीवर झोपून. लुनाटीने माणसाला प्रथमच मोटारीखाली ताठ उभे केले.

पण धरून ठेवण्याचा प्रश्न लुनाटीपूर्वी सत्तर वर्षे दुसऱ्या एका माणसाने सोडवला होता, आणि ते उत्तर मोटारीच्या लिफ्टला पुढे उसने घ्यावे लागले. एलिशा ओटिस याने १८५४ साली न्यूयॉर्कच्या क्रिस्टल पॅलेस प्रदर्शनात लोकांसमोर एक उघडा पाळणा उंच नेला, स्वतः त्यावर उभा राहिला आणि दोर कापवला. पाळणा किंचित खचला आणि थांबला. दोराच्या ओढीने वाकलेला घोडागाडीचा कमानपाटा दोर तुटताच सरळ झाला आणि त्याची टोके दोन्ही बाजूंच्या दातेरी पट्ट्यांत अडकली. येथे एक गोष्ट विसरली जाते. ओटिसने लिफ्ट शोधली नाही. मालाचे पाळणे त्यापूर्वी गिरण्यांतून आणि गोदामांतून चालतच होते. त्याने न पडणे शोधले. दोर तुटल्यावर काही करावे लागू नये. तुटणे हीच अडकण्याची आज्ञा ठरावी, ही त्याची खरी प्रतिभा. आज दोनखांबी लिफ्टच्या खांबात ‘टक्-टक्’ असा जो आवाज वर जाताना ऐकू येतो, तो त्याच दातेरी पट्टीचा वंशज आहे.

आता आपल्याकडे येऊ. मराठवाड्यातल्या वाहनदुरुस्तीचा इतिहास पुण्या-मुंबईच्या इतिहासाची नक्कल नाही, हे प्रथम लक्षात घ्यावे. मुंबईत शिवडीला जनरल मोटर्सचा जुळणी कारखाना १९२८ साली सुरू झाला, वालचंद हिराचंदांची प्रीमियर ऑटोमोबाइल्स १९४४ साली उभी राहिली. माहूर त्या वेळी निजामाच्या राज्यात, आदिलाबाद जिल्ह्यात होते. किनवट तालुका नांदेड जिल्ह्याला जोडला गेला तो १९५६च्या राज्यपुनर्रचनेत. निजामाच्या राज्यात सार्वजनिक बससेवा १९३२ साली सुरू झाली ती रेल्वेचा एक विभाग म्हणून, २७ बस आणि १६६ नोकर इतक्या बेताच्या बळावर. बस होत्या स्कॉटलंडच्या अल्बियन बनावटीच्या. पुणे-अहमदनगर मार्गावर पहिली एसटी धावली १ जून १९४८ रोजी. त्या दिवशी मराठवाडा अद्याप मुक्त झाला नव्हता. त्याला सप्टेंबरच्या १७ तारखेपर्यंत थांबावे लागले.

रेल्वेच्या हाताखाली बससेवा वाढणे याला दुरुस्तीच्या दृष्टीने अर्थ आहे. इंजिनाच्या शेडमध्ये रुळांच्या मधोमध लांब खड्डा असतो आणि कारागीर त्यात उतरून वरची यंत्रे तपासतो, ही रेल्वेची जगभरची पद्धत. बसआगारांतही तोच खड्डा आला. कोणत्याही एसटी आगारात, माहूरच्या आगारातसुद्धा, बस आजही खड्ड्यावर घेतली जाते. याला मागासलेपणा समजण्याचे कारण नाही. दहा टनांच्या घरातले धूड हवेत उचलून धरण्यापेक्षा ते आपल्या चाकांवर जमिनीलाच धरू द्यावे आणि माणसाने खाली उतरावे, हा हिशेब चोख आहे. खड्ड्यात वजन पडण्याची भीती नाही, कारण ते उचललेलेच नाही. पहार आणि ठोकळ्याच्या नियमात बोलायचे तर येथे पहारीला रजा दिली आहे.

मग घरच्या शेडमध्येही खड्डाच का नको? खर्चाने तो सर्वांत स्वस्त, यात शंका नाही. परंतु त्याचे दोष घरगुती जागेतच अधिक बोचतात. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते; ती खाली उतरून खड्ड्यात साठते आणि लोंबत्या बल्बची एक ठिणगी तिला पुरते. आगारात वारा खेळता असतो, माणसे असतात, शिस्त असते. घरी रात्री एकटा माणूस शटर ओढून काम करतो. पावसाळ्यात खड्ड्यात पाणी पाझरते. घरातली लहान मुले हा मुद्दा तर सांगण्याचीही गरज नाही. शिवाय खड्ड्यात चाके मोकळी होत नाहीत. ब्रेक, सस्पेन्शन, ड्राइव्हशाफ्ट यांचे काम करावयाचे तर जॅक लावावाच लागतो, म्हणजे खड्डा अधिक जॅक असे दुहेरी संकट.

चाके मोकळी होण्याची ही गरज आपल्याकडे ठळक झाली ती १९८३च्या डिसेंबरनंतर. अँबॅसेडर आणि फियाटच्या काळात रस्त्याकडेचा मिस्त्री पोते अंथरून गाडीखाली सरके, आणि इंजिन काढावयाचे झाल्यास कडुनिंबाच्या फांदीला चेनकुप्पी टांगे. मारुती ८००ची ओढ पुढच्या चाकांना होती. तिचे ड्राइव्हशाफ्ट, त्यांची रबरी आवरणे, पुढचे सस्पेन्शन यांच्या कामाला चाके लोंबती असणे सोयीचे. गाडी हलकी, साडेसहाशे किलोच्या आसपास. दोन खांब, चार हात, गाडी मध्ये अधांतरी आणि चारही चाके मोकळी, ही रचना परदेशात सत्तर-ऐंशीच्या दशकांत जमिनीतल्या एकखांबी लिफ्टची जागा घेऊ लागली होती. तेथे कारण निराळे : पुरलेले दंडगोल गंजत, तेल मातीत मुरे, दुरुस्तीसाठी फरशी फोडावी लागे. आपल्याकडे अधिकृत सेवा केंद्रांबरोबर ती आली आणि तेथून हळूहळू तालुक्याच्या गॅरेजात उतरली. एकखांबी मात्र वॉशिंग सेंटरवर टिकून राहिली, कारण धुण्यासाठी गाडी चाकांवर उभी असली तरी चालते.

आता दोन खांबांच्या लिफ्टकडे जरा बारकाईने पाहू. वाचकाचा पैसा त्यात गुंतणार आहे. वॉशिंग सेंटरचा खांब जाड, म्हणून त्याला दाब थोडा लागला. दोनखांबी लिफ्टचे दंडगोल मनगटाएवढे बारीक, म्हणून तेथे विजेच्या मोटारीवरचा पंप दाब खूप वर नेतो, टायरमधल्या हवेच्या कित्येक पट. कारखान्यातून नव्या आलेल्या लिफ्टमध्ये हे सारे बहुधा नीटच असते. संकट असते ते कारखान्यात न बनणाऱ्या भागात, म्हणजे तुमच्या फरशीत.

हिशेब मांडून पाहा. दोन टनांची गाडी, प्रत्येक खांबावर एक टन. पण हा एक टन खांबाच्या डोक्यावर बसलेला नाही. तो हातांच्या टोकाला आहे, खांबाच्या बैठकीच्या आतल्या कडेपासून, समजा, पाऊण मीटर पुढे. म्हणजे खांब गाडीच्या बाजूला कलंडू पाहतो. त्याला मागे कोण ओढून धरते? बैठकीच्या मागल्या बाजूचे बोल्ट. ते आतल्या कडेपासून ४० सेंटिमीटरवर आहेत असे धरले आणि खांबाच्या स्वतःच्या वजनाची मदत वजा केली, तरी त्या बोल्टांवर दीड टनाहून अधिक वरच्या दिशेने ओढ येते. खांबांना वरून किंवा खालून जोडणारा तुळईसारखा भाग दोन्ही बाजू सारख्या राहण्यास आणि तारा-नळ्या नेण्यास उपयोगी पडतो. पण बोल्टांचे काम तो आपल्या अंगावर घेईल, असे गृहीत धरू नये. गाडी लिफ्टने उचलली असे आपण म्हणतो. खरे म्हणजे ती काँक्रीटच्या घट्टपणाने धरलेली असते.

म्हणून फरशी. बहुतेक उत्पादक किमान १०० मिलिमीटर जाडीचे चांगले काँक्रीट मागतात, काही त्याहून अधिक. माझ्या मते घरगुती नव्या कामात १५० मिलिमीटर, एम-२५ दर्जा, सळयांची जाळी आणि पूर्ण २८ दिवसांचे पाणी यांत काटकसर करू नये. बोल्टाचे भोक सांध्याजवळ, भेगेजवळ वा स्लॅबच्या कडेजवळ येता कामा नये. शहाबादी फरशी किंवा टाइल्स यांच्यावरून बोल्ट ठोकणे म्हणजे पापडावर खुंटी मारणे. आणि फरशीच्या खाली काय आहे? माहूर गावठाणात डोंगराचा मुरूम लागतो, तो उत्तम. पण पैनगंगेच्या खोऱ्यात उतरावे तर काळी माती. ती उन्हाळ्यात हातहात भेगाळते आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यावर सरळ टाकलेली फरशी दोन पावसाळ्यांत कुठे उचलते, कुठे खचते. फरशी तिरकी झाली की खांब तिरका, खांब तिरका की गाडीचे वजन एका बाजूला. काळी माती खोदून काढून मुरूम भरून दाबून घेणे हे आपल्या गवंड्यांना चांगले ठाऊक आहे. ते घरासाठी करतात, शेडसाठी टाळतात.

डोक्यावरचे वजन कशाने धरले आहे, हा प्रश्न नांदेड-लातूरकडे निव्वळ यांत्रिक राहत नाही. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चार वाजण्यास काही मिनिटे असताना किल्लारी-सास्तूरचा भूकंप झाला. आदल्या दिवशी गणेशविसर्जन; माणसे दमून गाढ झोपलेली. सात हजारांहून अधिक माणसे गेली. त्यातल्या बहुतेकांना भूकंपाच्या धक्क्याने मारले नाही, घरांनी मारले : मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि त्यांवर मातीचे जड माळवद. उन्हाळ्यात गारवा देणारे ते वजन पिढ्यान्‌पिढ्या भिंतींवर शांत बसून होते, म्हणून ते धरलेले आहे असे सर्वांनी मानले. ते धरलेले नव्हते, नुसते ठेवलेले होते. त्यानंतरच्या पुनर्वसनात भिंतींना बांधणारे काँक्रीटचे पट्टे हा शब्दप्रयोग खेडोपाडी पोहोचला. ज्या प्रदेशाने ही किंमत मोजली आहे, तेथे दोन टनांची मोटार सहा फुटांवर टांगताना नुसते ठेवणे आणि धरणे यांतला भेद कोणाला समजावून सांगावा लागू नये. जुन्या माळवदाच्या पडवीत लिफ्ट बसवण्याचा विचार तर करूच नये; तेथे उंचीही पुरत नाही. माणूस खाली उभा राहणार असेल तर बारा फुटांच्या आसपास मोकळी उंची धरावी.

कायद्याने या भेदाची दखल फार पूर्वी घेतली. १९४८च्या कारखाने अधिनियमातले कलम २९ उचलण्याची यंत्रे, साखळ्या आणि दोर यांच्याविषयी होते : यंत्र सुदृढ असावे, नेमून दिलेल्या भारापलीकडे वापरू नये, आणि बारा महिन्यांतून एकदा तरी सक्षम व्यक्तीकडून त्याची कसून तपासणी व्हावी. माणसे-माल वाहणाऱ्या लिफ्टसाठी मुंबई इलाख्यात १९३९ सालीच स्वतंत्र कायदा झाला होता. महाराष्ट्राने त्याची जागा घेणारा नवा कायदा २०१७ साली केला. अमेरिकेत मोटारलिफ्ट बनवणाऱ्यांनी १९४५ साली आपली संस्था स्थापून मानके घालून घेतली, युरोपात ईएन १४९३ हे मानक आहे. पण कारखाने अधिनियम कामगारसंख्येच्या उंबरठ्यावर चाले. तीन माणसांचे गॅरेज त्याच्या अलीकडे राही आणि घरची शेड तर हिशेबातच नाही. म्हणजे जेथे तपासणारा कोणी नाही, तेथेच हे यंत्र आता शिरत आहे.

आणखी एक कायदेशीर नोंद येथे विसरून चालणार नाही. बालकामगारांना मनाई असलेल्या धोकादायक व्यवसायांच्या यादीत मोटार वर्कशॉप आणि गॅरेज यांचा समावेश होता, फटाके आणि ओतशाळा यांच्या पंक्तीला. पाना आणून देणारा, गाडीखाली ‘जरा बघून ये’ म्हणून धाडला जाणारा पोरगा ही आपल्या गॅरेजसंस्कृतीतली इतकी सरावाची आकृती होती, की तिच्या डोक्यावर काय टांगले आहे याकडे वर बघण्याची गरज फार थोड्यांना वाटली.

आता निवडीचे थोडक्यात. केवळ एकावर एक दोन गाड्या ठेवावयाच्या असतील, तर चारखांबी. गाडी चाकांवर पट्ट्यांत उभी राहते, वजन चार कोपऱ्यांत सरळ खाली उतरते, फरशीवर ओढ येत नाही. सामान्य माणसासाठी तीच सर्वांत क्षमाशील. जागा कमी, छप्पर ठेंगणे आणि काम टायर-ब्रेकपुरतेच असेल, तर कात्रीसारखी घडी होणारी बुटकी लिफ्ट पुरे. गाडीखाली उभे राहून गंभीर काम करावयाचे, तरच दोनखांबी. तिची किंमत साधारणपणे लाख-दोन लाखांच्या घरात जाते. त्यावर वाहतूक आणि बसवणाऱ्याची फेरी. नांदेडहून माहूर सव्वाशे किलोमीटरहून दूर, आणि बसवणारा बहुधा त्याहूनही लांबून येणार. म्हणून दुसऱ्यांदा त्याला बोलावल्यास येईल का, हे पैसे देण्यापूर्वी विचारावे. चार टनांची लिफ्ट घेऊन दीड टनाची गाडी उचलणे हा अपव्यय नव्हे. मात्र बोलेरो किंवा जुनी जीप यांना चेसिस असते, तिच्या तुळयांखाली हातांचे पेले बसतात. मारुतीपासूनच्या बहुतेक छोट्या गाड्यांना वेगळी चेसिस नाही, त्यांच्या कडेला ठराविक चार जागाच भार घेतात. पेला वीतभर चुकला की पत्रा आत जातो आणि गाडी सरकते. उचलण्यापूर्वी हातांचे कुलूप लागले आहे ना, हे बघावे. चाके जमिनीपासून चार बोटे सुटली की थांबून गाडीला दोन्ही बाजूंनी हलवून पाहावे, आणि मगच वर न्यावे.

वर नेल्यावर तिला तेलावर सोडू नये. इच्छित उंचीच्या थोडे वर नेऊन, ‘टक्’ ऐकून, मग किंचित खाली उतरवून दोन्ही खांबांतल्या दातेऱ्यांवर बसवावी. दोन्ही. एकच अडकली आणि दुसरी तारेवर राहिली, तर ते अर्धे धरणे आहे. हे दहा सेकंदांचे काम कंटाळ्याने टाळले जाते.

जुनी लिफ्ट स्वस्तात मिळते म्हणून नागपूर-पुण्याहून बंद पडलेल्या गॅरेजची आणण्याचा मोह होतो. खांब लोखंडाचे, ते टिकतात. परंतु तारा, सीले, दातेऱ्यांच्या स्प्रिंगा आणि पेल्यांचे रबर यांना वय असते आणि ते रंगाखाली दिसत नाही. काँक्रीटात एकदा फुललेले बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात; विकणारा ते पिशवीत घालून सोबत देईल, ते भंगारात द्यावेत. वजनाची मूळ पाटी खरवडलेली असेल तर व्यवहार तेथेच थांबवावा.

राहिली वीज. तीन फेजची मोटार घेतली आणि घरी एकच फेज असली, तर लिफ्ट शोभेची. हे आधी मीटरवर पाहून घ्यावे. दुसरी गोष्ट भारनियमनाची. गाडी दातेऱ्यांवर बसलेली असताना वीज गेली तर गाडी पडत नाही, ती वरच राहते, ओटिसच्या कृपेने. पण दातेरी सुटण्यासाठी गाडी आधी थोडी वर उचलावी लागते आणि त्यालाच वीज नाही. काही लिफ्टना यासाठी हातपंपाची सोय असते, काहींना नसते. माहूरसारख्या ठिकाणी, जेथे रात्री-अपरात्री आजारी माणसाला घेऊन नांदेडकडे निघावे लागते आणि घरची एकुलती गाडी सहा फुटांवर असू शकते, तेथे हा हातपंप आहे की नाही हे विक्रेत्याला टनांच्या आधी विचारावे.